‘वगैरे’मध्ये हरवलेले वारस

वस्तीत कागदपत्रांच्या कामाला बसलो की एक प्रसंग ठरलेला असतो. कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदांची चळत घेऊन येतो. वर रेशनकार्डाच्या झेरॉक्स, लाइटबिले, आणि अगदी तळाशी घडीवर फाटत आलेला जमिनीचा जुना उतारा. कब्जेदाराच्या रकान्यात लिहिलेले असते, ‘अमुक बिन तमुक महार वगैरे’. तो माणूस विचारतो, “हा तमुक आमचा पणजा. अमुक त्याचा थोरला. आमचा आजा धाकटा होता. मग आमच्या आज्याचं नाव कुठं हाय?”

आम्ही ‘वगैरे’ या शब्दावर बोट ठेवतो. तुझा आजा इथे आहे.

‘वगैरे’ हा शब्द इतर समाजांच्या जुन्या उताऱ्यांवरही दिसतो. पण ज्याच्या घरी जुने फेरफार जपलेले होते, ज्याचा पोरगा लिहायला-वाचायला शिकलेला होता, ज्याची तलाठ्याकडे ऊठबस होती, त्याने तो शब्द वेळेवर उलगडून घेतला. आपल्याकडे तो तसाच राहिला. त्या एका शब्दाखाली तीन-चार पिढ्यांचे वारस गाडले गेले आहेत.

वारस नोंद म्हणजे तहसीलची एक कटकट, एवढ्यावर आपले तरुण हा विषय सोडून देतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. महार वतनाच्या जमिनीवर वारसांची नावे लावणे हे बाबासाहेबांनी १९२८ साली सुरू केलेल्या आणि अजून पुरे न झालेल्या कामाचा भाग आहे. ते का, हे समजून घ्यायचे तर आधी वतनाचा कायदा पाहावा लागतो.

वारसा होता, पण चाकरीचा

महार वतन म्हटले की हाडकी-हाडवळा, बलुतं, येसकरकी आणि बावन्न हक्कांची सांगितली जाणारी परंपरा आठवते. या वतनाला इंग्रजी अमलात पक्की कायदेशीर चौकट मिळाली ती १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने. यालाच आपण वतन कायदा म्हणतो. सरकारला गावोगाव पगार न देता माणूस हवा होता. सरकारी टपाल पोचवायला, वसुलीच्या वेळी लोकांना चावडीवर बोलवायला, साहेबाच्या मुक्कामाची व्यवस्था बघायला, गावची हद्द दाखवायला. त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा आणि गावाकडून बलुतं.

या कायद्यात वारसाची नोंद फार महत्त्वाची होती. वतनदार मेला की कलेक्टरला कळवायचे आणि रजिस्टरला पुढच्या वारसाचे नाव चढवायचे, अशी तरतूद होती. थोरल्या शाखेतला थोरला हा वारस म्हणून गृहीत धरला जाई. दुसऱ्या कोणाचे म्हणणे असेल तर त्याने वारसाचा दाखला किंवा कोर्टाचा हुकूम दाखवायचा. म्हणजे वारसा सिद्ध करण्याचा कागद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही लागत होता. पण सरकारला त्या कागदातून मुख्यतः एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. उद्यापासून चाकरीला कोण जबाबदार?

त्यात एक क्रूर हिशोब होता. जमीन तेवढीच राहिली आणि दर पिढीला खाणारी तोंडे वाढली. चाकरी मात्र कमी झाली नाही. राबायचे तेव्हा सगळे घर वतनदार, आणि कागदावर नाव एकाचे. उरलेले ‘वगैरे’.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. गावातल्या माणसाच्या मरणाची खबर परगावच्या नातेवाइकांना पोचवण्याचे काम महाराचे होते. हद्दीचा तंटा झाला की शिवेची खूण दाखवायलाही महारच पुढे बोलावला जाई. त्याच्या शब्दावर दुसऱ्यांच्या जमिनीचे वाद मिटले. आज त्याच माणसाच्या पणतूला स्वतःच्या पणज्याच्या मरणाचा कागद मिळत नाही, म्हणून जमिनीला नाव लागत नाही.

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले?

चळवळीतही एक गैरसमज ऐकू येतो. वतन हे गुलामीचे चिन्ह, बाबासाहेबांनी ते टाकायला सांगितले, मग त्या जमिनीच्या मागे का लागायचे? हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्याने आपले नुकसान झाले आहे.

महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९२७ साली, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मधून महार वतनाची चिरफाड केली. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याचा गाभा नीट पाहा. ज्या वतनदाराला चाकरी नको आहे त्याला तिच्यातून मोकळे होता यावे, आणि पूर्ण सारा भरून जमीन मात्र त्याच्याकडेच राहावी. बलुत्यासाठी दारोदार हिंडण्याऐवजी तो मोबदला पैशाच्या रूपात वसूल करून दिला जावा, हीही त्यात मागणी होती.

म्हणजे बाबासाहेबांनी वतनाचे दोन भाग केले. चाकरी आणि जमीन. चाकरी टाका, जमीन ठेवा. ‘वतन टाका’ एवढेच लक्षात ठेवणाऱ्यांनी दुसरा भाग गाळला.

विधेयक निवड समितीकडे गेले. तिथे त्याचे जे रूप झाले ते बाबासाहेबांना मान्य होण्यासारखे नव्हते, आणि १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. पण प्रश्न सोडला नाही. वतनी जमिनींवरची जुडी वाढवली गेली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग व वेठिया यांची परिषद झाली आणि बाबासाहेबांनी सरकारला जाब विचारला. जमिनीचा हक्क त्यांच्या लेखी क्षुल्लक असता तर हा खटाटोप त्यांनी केला नसता.

चाकरी गेली, कागद एकाच्या नावावर राहिला

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर मुंबई राज्याने कनिष्ठ गाववतने रद्द करण्याचा १९५८ चा कायदा केला. १९५९ सालचा तो पहिला कायदा. वतने गेली, चाकरीचे बंधन गेले. जमीन आधी सरकारजमा आणि मग साऱ्याच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली की वतनदाराला परत, ज्याला आपल्याकडे ‘रीग्रँट’ म्हणतात. १९२८ च्या मागणीतला मुख्य भाग तीस वर्षांनी कायद्यात आला. (मराठवाड्यातील इनामांचा कायदा वेगळा होता. तिथल्या मित्रांनी आपल्या भागातला कायदा वेगळा तपासावा.)

पण जमीन परत मिळाली ती नवीन व अविभाज्य शर्तीवर. कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि सरकार ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय ती विकता येत नाही, तिचे सरसनिरस वाटपही करता येत नाही. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ दिसतो तो यामुळे. मुदतीत रक्कम भरली नाही तर स्वतःच्याच वतनाच्या जमिनीवर माणूस बेकायदा ताबेदार ठरू शकत होता. पोटाची मारामार असलेल्या घरांत ही रक्कम वेळेवर भरणे किती जणांना जमले असेल?

जिथे जमले तिथे काय झाले? भावकीने वर्गणी केली आणि थोरल्याच्या हाती पैसे दिले. पावती त्याच्या नावाची, रीग्रँटचा हुकूम त्याच्या नावाचा, सातबारा त्याच्या नावाचा. कुठे नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, कुठे ‘वगैरे’, कुठे काहीच नाही. पुढे थोरल्याच्या नातवाला खरेच वाटू लागले की जमीन आपल्या एकट्याची. धाकट्याच्या नातवालाही तसेच वाटू लागले. दोघेही चुकतात.

वरिष्ठ वतनदारांच्या घरांत हेच भांडण झाले, पण त्यांनी ते शेवटपर्यंत नेले. देसाई घराण्याच्या वतनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. नागेश बिष्टो देसाई विरुद्ध खंडो तिर्मल देसाई या प्रकरणात १९८२ साली न्यायालयाने म्हटले की वतन रद्द झाल्यावर एकाच्या नावे परत मिळालेली जमीन ही एकत्र कुटुंबातील सर्वांच्या लाभाची असते. तो निकाल वेगळ्या वतन कायद्यांवरचा आहे, आपल्या प्रकरणाला तो कसा लागू होतो हे वकिलाला विचारून घ्यावे. पण तत्त्व लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे मोठी वतने होती त्यांनी ‘वगैरे’चा अर्थ न्यायालयातून काढून घेतला. आपण अर्ध्या एकरासाठी तहसीलची पायरी चढायला कचरतो.

वारसा कशाने सिद्ध होतो?

इथे दोन गोष्टी मनात पक्क्या करायच्या. पहिली, माणूस मरतो त्या क्षणी त्याच्या वारसांचा हक्क उभा राहतो. तलाठ्याने फेरफार घातला म्हणून तो जन्माला येत नाही आणि घातला नाही म्हणून मरत नाही. दुसरी, महसुली नोंद मालकी देत नाही. तशी नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच तिचे बळ. हे बळ कमी नाही. कर्ज, पीकविमा, भूसंपादनाची नोटीस, मोबदला, हे सगळे ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याला शोधत येते. ज्याचे नाव नाही त्याला आपली जमीन गेल्याचे रस्ता झाल्यावर कळते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. ती लेखी देता येते, तोंडीही देता येते, आणि तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची असते. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांची वारस नोंदही आज करता येते. फक्त कागद जास्त जमवावे लागतात.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सर्व वारसांची नावे असलेली वंशावळ व प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे द्यायचे. तलाठी गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत प्रकरण घेतो, चौकशी होते, मग गाव नमुना सहामध्ये फेरफार येतो. कलम १५० प्रमाणे चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवले जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर ते तक्रारी प्रकरण होते. निर्णय पटला नाही तर कलम २४७ खाली प्रांताकडे अपील करता येते. ज्या चावडीच्या पायरीखाली आपले पूर्वज उभे राहत, तिच्याच भिंतीवर ही नोटीस लागते. ती वाचायला कोणी जात नाही, ही आपली चूक.

आपल्या घरांत अडतो तो बहुधा पहिलाच कागद. जुन्या मृत्यूंची नोंद ग्रामपंचायतीत सापडत नाही. तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, शोधायचे. जातीच्या दाखल्यासाठी आपण ते शोधतो, वारसासाठीही तेच कामाला येते. तिथेही नोंद नसेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने उशिराची नोंद करून घेता येते.

दुसरी अडचण नावांची. जुन्या कागदावर ‘महार’, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर गावाचे नाव, वडिलांच्या आधारकार्डावर तिसरेच आडनाव. आपण लाज वाटणारी ओळख टाकली आणि नवी घेतली, हे योग्यच केले. पण दोन्ही नावे एकाच घरची, हे जोडणारा कागद कोणी केला नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी मतदार यादी, जुना फेरफार आणि प्रतिज्ञापत्र यांची साखळी करून ते जोडावे लागते. लिहिताना झालेली साधी चूक कलम १५५ खाली दुरुस्त होते.

कोर्टाच्या दाखल्यांबद्दलही गोंधळ आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा उत्तराधिकार दाखला मृताचे येणे, ठेवी, रोखे यांच्यासाठी असतो, जमिनीसाठी नाही. दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. वारस कोण यावर वाद नसेल तर साध्या वारस नोंदीसाठी दरवेळी कोर्टात जायची गरज नसते. कोणी दलाल “कोर्टाचा दाखला लागतोच, इतके हजार द्या” म्हणाला, तर आधी तलाठ्याकडे अर्ज देऊन पोच घ्या. आणि मालकीचाच वाद असेल तर मात्र त्याचा निकाल तहसीलमध्ये लागत नाही, दिवाणी न्यायालयातच लागतो.

आत्याचे नाव कोणी गाळले?

आता जी गोष्ट सांगायची ती आपल्याच घरातली आहे. एका वस्तीत आम्ही वंशावळ उतरवून घेत होतो. दोन भावांनी नावे सांगितली, त्यांच्या मुलांची सांगितली, नातवांचीही सांगितली. आम्ही विचारले, बहिणी किती? दोघे गप्प. मग एक म्हणाला, “एक हाय, पर तिचं लगीन लावून दिलंय की.” दुसरा म्हणाला, “ती कुठं मागतीय?” भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. दोघे भाऊ दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढे असतात.

त्यांना आम्ही १८८६ सालची गोष्ट सांगितली. वतन कायद्याला त्या वर्षी पुरवणी जोडली गेली, मुंबईचा १८८६ चा पाचवा कायदा. त्यात म्हटले होते की शेवटच्या पुरुष मालकाची विधवा सोडली, तर वतनी घरातल्या कोणत्याही स्त्रीचा आणि स्त्रीच्या नात्याने मागणाऱ्या कोणाचाही नंबर घराण्यातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे. म्हणजे मुलीच्या आधी चुलता, चुलतभाऊ, चुलतचुलता. चाकरीला पुरुष हवा, म्हणून वारसही पुरुष. चाकरी संपून साठ वर्षे उलटली. कायदा गेला. पण वंशावळीतून आत्या गाळताना आपण त्याच कायद्याची अंमलबजावणी करतो.

हिंदू कोड बिलाची वाट अडवली गेली हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. त्याच बिलातून पुढे निघालेल्या हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ ने मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाचा मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना एकाच पायरीवर उभे केले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून दिला, आणि विनिता शर्मा प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. बहिणीला स्वतःहून वाटा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे. तिला न विचारता नाव गाळणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापत्र करणे, आणि तो गुन्हा आहे. कागदावर सही झाली तरी ती मागाहून नोंदीला आव्हान देऊ शकते. नाव ‘इतर हक्कात’ टाकून तिची बोळवण करणेही योग्य नाही. तिची जागा कब्जेदार सदरी, भावांच्या शेजारी.

त्या भावांनी त्या दिवशी बहिणीचे नाव लिहिले. रात्री तिला फोन लावला. ती रडली, असे दुसऱ्या दिवशी धाकट्याने सांगितले. अजून त्यांची नोंद मंजूर व्हायची आहे.

दोन गुंठ्यांसाठी एवढे कशाला?

शहरात नोकरी करणारा आपला तरुण विचारतो, वाट्याला येणार दोन गुंठे, त्यासाठी एवढी पायपीट का? त्याने पुण्याकडे पाहावे. मुंढव्यातल्या महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहाराने नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य ढवळून निघाले. त्यात दोषी कोण हे चौकशी आणि न्यायालय ठरवील. आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. गावकुसाबाहेरचा, कोणाला नको असलेला तुकडा म्हणून जी जमीन आपल्या पूर्वजांना मिळाली, ती आज वाढलेल्या शहरांच्या पोटात आली आहे. तिच्यावर जितके वारस नोंदीविना, विखुरलेले आणि एकमेकांना अनोळखी, तितके दलालाचे काम सोपे. तो एकेकाला गाठतो, थोडे पैसे देतो, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. सगळ्यांची नावे उताऱ्यावर असतील तर त्याला सगळ्यांसमोर यावे लागते.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. मोहीम चांगलीच आहे. पण मोहिमेतला तलाठी ज्यांनी वंशावळ दिली त्यांचीच नावे लावील. ‘वगैरे’मध्ये कोण होते हे त्याला माहीत नाही. ते आपल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून विहारांतल्या, अभ्यासिकांतल्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. येत्या वर्षावासात प्रवचनाच्या जोडीला एक वही ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक घराची वंशावळ आजी-आजोबांच्या तोंडून उतरवा, लेकीबाळींसह. वतनी गटांचे सातबारे आणि फेरफार काढा, रीग्रँटचा हुकूम आणि चलन शोधा, सापडत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. वारस नोंदीचे अर्ज एकेकट्याने देण्यापेक्षा भावकीने मिळून द्या. आणि ज्याच्या घरात वाद आहे त्याला वकिलाकडे नेताना बहिणीलाही सोबत न्या.

पणज्याच्या नावापुढचा ‘वगैरे’ खोडून तिथे माणसांची नावे लिहायची आहेत. चाकरी गेली, जमीन ठेवायची होती. ठेवू या.

जय भीम!